जुन्या फर्मवेअरचा झेड ८ हाती आला: अपडेट करावं का, कधी आणि कसं?

प्रश्न असा आहे: “पक्ष्यांच्या फोटोंसाठी सेकंडहँड निकॉन झेड ८ कॅमेरा घेतला. फर्मवेअरचा आकडा अजून १ नेच सुरू होतो, म्हणजे पहिल्या मालकाने मोठं अपडेट कधी टाकलंच नाही. लेन्स माझी जुनीच, २००-५०० एफ/५.६, जुन्या निकॉन लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या एफटीझेड २ ॲडाप्टरवर लावून. विकणारे म्हणाले, चालतंय ना, मग हात लावू नका, मधेच लाइट गेली तर बॉडी, म्हणजे लेन्स सोडून कॅमेरा, डेड होईल. ग्रुपवर सगळे म्हणतात, आजच टाका. नाशिकला राहतो, हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचंय. काय करू? लेन्सलाही फर्मवेअर असतं का? की थांबून पुढचं मॉडेल घ्यायला हवं होतं?”

फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम, आणि त्याचं अपडेट टाकाच. पण आज रात्री घाईत नको, आणि नांदूरला निघायच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. मी आधी बरीच वर्षं कारखान्यांसाठी व्हिडिओ आणि लग्नं केली, आता बहुतेक वेळ पक्षी आणि कार्यशाळा. माझ्या प्रत्येक बॉडीचं फर्मवेअर मी स्वतः टाकलंय, आणि एकदा त्यापायी एक सकाळ गमावलीही आहे. तेही सांगते.

आधी लाइटची भीती. कॅमेरा अपडेट होतो तो स्वतःच्या बॅटरीवर. घरातली वीज गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. फाइल एकदा कार्डावर उतरली की कॉम्प्युटर आणि इंटरनेटचाही संबंध संपला. धोका असतो तो अर्धवट चार्ज बॅटरीचा, मधेच कार्ड ओढण्याचा, आणि किती काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी पुढे सरकत नाही असं वाटून कोणीतरी स्विच बंद करण्याचा. तिन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत.

आता मिळणार काय ते बघा. झेड ८ मे २०२३ मध्ये आला तेव्हा त्याच्या विषय-ओळखीत, म्हणजे समोर काय आहे हे ओळखून फोकस तिथे नेण्याच्या सोयीत, पक्ष्यांचा वेगळा कप्पा नव्हता. पक्षी ‘प्राणी’ या सदरात, कुत्र्या-मांजरांबरोबर. मोठा भाऊ झेड ९ ला ऑक्टोबर २०२३ च्या ४.१० फर्मवेअरने स्वतंत्र ‘पक्षी’ पर्याय मिळाला, आणि झेड ८ ला तो फेब्रुवारी २०२४ च्या २.०० ने. तुमची बॉडी त्याच्या अलीकडे थांबलेली आहे. म्हणजे तुम्ही पक्ष्यांसाठी घेतलेल्या कॅमेऱ्यात पक्ष्यांसाठीचा भागच अजून उतरलेला नाही.

फरक कुठे दिसतो? कवड्या खंड्या घ्या. काळा-पांढरा, पाण्यावर दहा-पंधरा फुटांवर एका जागी पंख फडफडवत थांबणारा, चोच खाली. मागे उन्हात चमचमणाऱ्या लाटा. जुन्या फर्मवेअरवर माझ्या व्ह्यूफाइंडरमधला फोकसचा चौकोन डोक्यावर बसायचा, पंख खाली आला की पंखाच्या टोकावर उडी मारायचा, मग मागच्या लाटेवर. सलग घेतलेल्या वीस फ्रेमच्या बर्स्टमध्ये डोळा धारदार असलेल्या सहा-सात निघायच्या, बाकीच्यांत पंखाची पिसं सुरेख आणि चेहरा मऊ. २.०० टाकल्यावर, त्याच लेन्सवर, त्याच तळ्यावर, चौकोन डोक्याला चिकटून राहायला लागला. पंख मधे आला तरी तो गोंधळेनासा झाला. प्रत्येक फ्रेम जमते असं नाही, पण घरी येऊन फोटो निवडताना हात थांबतो तो आता चांगल्या दोन फ्रेममधली कोणती ठेवू यासाठी.

त्याच अपडेटमध्ये पिक्सेल शिफ्टही आलं. सेन्सर किंचित हलवत ३२ पर्यंत फ्रेम घ्यायच्या आणि निकॉनच्या एनएक्स स्टुडिओ या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये जोडून सुमारे १८ कोटी पिक्सेलचं चित्र बनवायचं. हलणाऱ्या कशालाच ते चालत नाही. देवळातली शिल्पं, जुनी चित्रं, संग्रहालयातल्या वस्तू टिपणाऱ्यांना मात्र सोनं आहे.

आता एक गोष्ट मनात पक्की करा, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम: फोकस कुठे न्यायचा हे ठरवणारा, लेन्सशी बोलणारा, मेनू दाखवणारा. तो बदलता येतो. सेन्सर, मोटर आणि प्रोसेसरचा वेग बदलता येत नाही. झेड ८ आणि झेड ९ मध्ये एकच ४५.७ मेगापिक्सेलचा स्टॅक्ड, म्हणजे थरांवर थर रचलेला, सेन्सर आहे, आणि तो पूर्ण चित्र साधारण १/२७० सेकंदात वाचून काढतो. म्हणून तर या दोन्ही बॉडींत यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही, तरी उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे दिसत नाहीत. इतका वेगवान सेन्सर म्हणजे फोकसच्या प्रोग्रामला सेकंदाला भरपूर माहिती. पुढे कोणी हुशार प्रोग्राम लिहिला तर त्याला वापरायला जागा शिल्लक असते.

सोनीच्या ए९ चं उदाहरण मी कार्यशाळेत नेहमी देते. एप्रिल २०१७ चा कॅमेरा, स्टॅक्ड सेन्सरवाला. जवळजवळ दोन वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, ५.०० फर्मवेअर आलं आणि त्याने रिअल-टाइम ट्रॅकिंग, म्हणजे हलत्या विषयाचा फोकसने सतत पाठलाग, आणलं. खेळाचे फोटो काढणाऱ्यांना तो नवा कॅमेरा हातात आल्यासारखा वाटला. उलट निकॉनचा झेड ७, २०१८ चा. त्यालाही मे २०१९ मध्ये डोळ्यावर फोकस मिळाला, फेब्रुवारी २०२० मध्ये कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांवर. मनापासून दिलेली अपडेटं होती ती. पण सेन्सरचा वाचनवेग होता तेवढाच राहिला, आणि उडत्या पक्ष्यांसाठी तो कॅमेरा शेवटपर्यंत कमीच पडला. म्हणून सेकंडहँड घेताना मी आधी सेन्सर बघते, फर्मवेअर नंतर. तुम्ही घेतलाय तो चांगल्या सेन्सरचा, फक्त जुन्या प्रोग्रामवर अडकलेला. सेकंडहँड बाजारात असा सौदा मला नेहमीच आवडतो.

मग ‘आजच टाका’ का नको? मला हे पहिल्यांदा कळलं ते कॅननच्या ५डी मार्क २ मुळे. २००८ च्या सप्टेंबरात जाहीर झालेला हा कॅमेरा व्हिडिओ घ्यायचा सेकंदाला फक्त ३० फ्रेमने, आणि एक्सपोझर आपल्या हातात नाही. हाताने एक्सपोझर ठरवण्याची सोय २००९ मध्ये फर्मवेअरने आली. पण २५ फ्रेम नव्हते, आणि आपल्याकडे टीव्हीचं सगळं काम २५ वर. ३० चे २५ करताना चालणाऱ्या माणसाची चाल अडखळायची. मार्च २०१० मध्ये २.०.३ फर्मवेअर आलं, २४ आणि २५ फ्रेम घेऊन. आम्ही सगळे तुटून पडलो. आणि काही दिवसांतच कॅननने ते मागे घेतलं, कारण आवाजाच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये दोष सापडला होता. लगेच २.०.४ आलं, ते ठीक होतं. त्या एका अपडेटने आमच्या धंद्याचं चित्र बदललं हे खरं, आणि पहिल्या आठवड्यात टाकणाऱ्यांना ते पुन्हा टाकावं लागलं हेही खरं.

तेव्हापासून माझा नियम: नवं फर्मवेअर आल्यावर दोन आठवडे थांबायचं. कंपनी कितीही काळजी घेवो, जगातल्या सगळ्या लेन्स, कार्डं आणि फ्लॅश तिच्या प्रयोगशाळेत नसतात. दोष निघायचा असेल तर बहुतेक वेळा त्या पंधरा दिवसांत निघतो. शिवाय मागे फिरणं अवघड असतं, बहुतेक कंपन्या नवीनवरून जुन्या फर्मवेअरवर अधिकृतपणे जाऊ देत नाहीत. फक्त एका बाबतीत मी थांबत नाही, फोटो खराब होण्याचा किंवा कार्डावरचा डेटा जाण्याचा दोष दुरुस्त करणारं अपडेट असेल तेव्हा. तुमच्या बाबतीत तर हा प्रश्न जवळजवळ निघतच नाही, २.०० येऊन बराच काळ लोटला आहे. वेबसाइटवर ताजं जे असेल त्याची तारीख बघा. दोन आठवड्यांहून जुनं असेल तर थेट तेच घ्या, मधल्या पायऱ्या चढायची गरज नाही.

माझी गमावलेली सकाळ भिगवणची आहे. कॅमेरा दुसऱ्या एका कंपनीचा होता. उजनीच्या पाण्यावर पहाटे होडी सांगितली होती. रात्री मुक्कामी थोडा वेळ होता म्हणून अपडेट टाकलं. नीट झालं, पडद्यावर नवा आकडा आला, झोपले. सकाळी सव्वासातच्या सुमाराला मीनखाई घार समोरच्या खुंटावरून उठली, पाण्यावर आपटली आणि पंजात मासा धरून आमच्याच दिशेने वर आली. मी नेहमीप्रमाणे अंगठ्याने फोकस धरला आणि शटर दाबलं. फोकस सरळ पुढच्या लव्हाळ्यावर गेला. पुन्हा अंगठा, पुन्हा शटर, पुन्हा लव्हाळं. अपडेटने माझ्या सगळ्या बटणांच्या नेमणुका मूळ स्थितीला नेल्या होत्या. शटरचं बटण अर्धं दाबलं की तेही फोकस घेत होतं, आणि तिथे चौकोन होता मधोमध. हे कळेपर्यंत घार डोक्यावरून निघून गेली होती. माझ्याकडे त्या सकाळच्या चौदा फ्रेम आहेत आणि चौदाही लव्हाळ्याच्या. होडीवाल्या दादांनी पहाटे चारपासून माझ्यासाठी थंडीत वाट पाहिली होती, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून आता अपडेट टाकायची माझी पद्धत अशी आहे.

काम दिवसा, टेबलावर, पुढचे चार दिवस कुठलंही काम नसताना. आधी सेटअप मेनूतून सगळ्या सेटिंगची फाइल कार्डावर साठवायची आणि ती कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची. एवढ्यावर विसंबू नका. बटणांच्या नेमणुका, फोकसची पानं, माय मेनू यांचे मोबाइलवर फोटो काढा. वीस-पंचवीस फोटो होतात, पाच मिनिटं लागतात. नव्या फर्मवेअरमध्ये मेनूची रचना थोडी बदललेली असते, तेव्हा हे फोटो फार उपयोगी पडतात.

बॅटरी कंपनीची, पूर्ण चार्ज. स्वस्तातली बॅटरी एरवी वापरत असाल तर त्या दिवशी बाजूला ठेवा. २०१३ मध्ये डी३२०० सारख्या निकॉनच्या काही बॉडी फर्मवेअर टाकल्यावर बाहेरच्या बॅटऱ्या ओळखेनाशा झाल्या होत्या, तेव्हा अशा बॅटरीवर पुढच्या सहलीचा भरवसा ठेवण्याआधीही ती तपासून बघा.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फर्मवेअर निकॉनच्या स्वतःच्या सपोर्ट साइटवरूनच घ्या. कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल कधीही नको. तिथून .बिन फाइल मिळते, ती कार्डावर अगदी वरच्या पातळीला ठेवायची, फोटो साठतात त्या डीसीआयएम फोल्डरच्या आत नाही. आणि इथे एक बारीक जागा आहे, जिथे कार्यशाळेत दर वेळी कोणीतरी अडकतं: तीच फाइल दोनदा डाउनलोड झाली की ब्राउझर नावापुढे कंसात १ लावतो. कॅमेरा ते नाव ओळखत नाही आणि फर्मवेअर सापडत नाही असं सांगतो. लोकांना वाटतं कॅमेरा बिघडला. नाव नीट करा, काम होतं.

मग मेनूतून फर्मवेअर व्हर्जन, अपडेट. पट्टी भरेपर्यंत कॅमेरा टेबलावर, हात मांडीवर. लेन्स फिरवू नका, बटणं दाबू नका. पूर्ण झाल्याचं पडद्यावर आलं की बंद, कार्ड बाहेर, पुन्हा चालू, आकडा तपासा. त्यानंतर तुमच्या मोबाइलमधल्या फोटोंशी एकेक पान ताडून बघा. ही शेवटची पायरी भिगवणला मी गाळली होती.

लेन्सचं फर्मवेअर. हो, असतं. आजच्या लेन्समध्ये फोकसची मोटर, स्थिरीकरण, छिद्र, सगळं विजेवर चालतं आणि बॉडीशी सतत बोलतं. झेड माउंटची (माउंट म्हणजे लेन्स बॉडीवर बसते ती जोडणी) लेन्स बॉडीला लावून, कार्डावर तिची फाइल ठेवून याच मेनूतून अपडेट करता येते. व्हर्जनच्या पानावर बॉडीपुढे ‘सी’ आणि लेन्सपुढे ‘एलएफ’ दिसेल. तुमची २००-५०० मात्र एफ माउंटची, २०१५ ची. त्या पिढीच्या लेन्सना घरबसल्या अपडेट सहसा नसतं, काही निघालंच तर सर्व्हिस सेंटरला. पण मधला एफटीझेड ॲडाप्टर विसरू नका, त्यालाही स्वतःचं फर्मवेअर असतं. सिग्माच्या एमसी-११ चं उदाहरण आहे. कॅननच्या माउंटच्या सिग्मा लेन्स सोनी बॉडीवर चालवणारा हा ॲडाप्टर, आणि नवी लेन्स निघाली की आधी ॲडाप्टर अपडेट करा असं सिग्माच सांगायची.

दुसऱ्या कंपनीच्या लेन्स असतील तर काळजी दुप्पट. निकॉनच्या एफ माउंटसाठी बनवलेल्या बऱ्याच बाहेरच्या लेन्स परवाना नसताना, बॉडीचं बोलणं ऐकून ऐकून तयार केलेल्या. बॉडीची भाषा थोडी बदलली की त्या अडखळतात. डी५३०० आला तेव्हा सिग्माच्या काही लेन्सचं असं झालं होतं. सिग्माने तेव्हा लेन्स कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यूएसबी डॉकने अपडेट दिलं. टॅमरॉनच्या नव्या लेन्सना थेट यूएसबी-सी आहे, व्हिलट्रॉक्सच्या बऱ्याच लेन्सनाही. तेव्हा बॉडी अपडेट करण्याआधी लेन्सच्या कंपनीची सूचना वाचायची, हा क्रम कायमचा लावून घ्या.

आणि मला मनापासून सांगावंसं वाटतं की यातलं काहीच नसलेलं जगही चांगलं चाललं आहे. लायकाचं एम माउंट १९५४ चं. त्याला विजेचा एकही संपर्कबिंदू नाही. २००६ पासून लेन्सच्या पाठीवर सहा काळे-पांढरे ठिपके आले, कॅमेरा ते वाचून लेन्स ओळखतो आणि कडांचा रंग-उजेड सावरतो. बस. ती सावरण्याची माहिती बॉडीच्या फर्मवेअरमध्ये असते, लेन्समध्ये नाही. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीची लेन्स २०२२ च्या एम११ वर बसते आणि चित्र देते. फोकस हाताने. मीनखाई घारीसाठी कोणी ती घेणार नाही, पण आज दीड-दोन लाखांची लेन्स घेताना हिचं अपडेट कंपनी किती वर्षं देईल हा प्रश्न तिच्यामुळे मला पडतो. माझ्या मते खरेदीच्या वेळी प्रत्येकाने तो दुकानात विचारला पाहिजे.

पैसे घेऊन दिलेल्या सुविधांचंही थोडं. पॅनासॉनिकने २०१५ मध्ये जीएच४ कॅमेऱ्यासाठी व्ही-लॉग, म्हणजे रंग नंतर ठरवता यावेत असं फिकं व्हिडिओ रेकॉर्डिंग, वेगळे पैसे घेऊन दिलं. सोनीने काही बॉडींसाठी स्वतःच्या ग्रिडलाइन टाकण्याचं लायसन १४९ डॉलरला विकलं. मला हे पटत नाही. पडद्यावर रेषा दाखवायला दीडशे डॉलर हा ग्राहकाच्या विश्वासाशी केलेला चुकीचा व्यवहार आहे. निकॉनने झेड ८ ची पक्षी-ओळख फुकट दिली, ती पूर्ण पदरात पाडून घ्या.

आता, पुढच्या मॉडेलसाठी थांबायला हवं होतं का? नाही. तुमच्या जोडीत उणीव बॉडीची नाहीच. अपडेटनंतर कॅमेरा पक्ष्याचं डोकं पटकन ओळखेल, पण तिथे काच नेऊन पोचवायची आहे ती २००-५०० च्या मोटरला. ती लेन्स माझ्याकडे चार वर्षं होती. चित्र अजूनही सुंदर देते, तिला कमी लेखू नका. बसलेल्या, चालणाऱ्या, संथ उडणाऱ्या पक्ष्यांना ती पुरते. पण जवळून सूर मारणाऱ्या पक्ष्यावर चौकोन बसतो, आणि काच तिथे पोचेपर्यंत पक्षी पुढे गेलेला असतो. पुढची कितीही महाग बॉडी घेतलीत तरी हा विलंब तसाच राहील. झेड माउंटची १८०-६०० एफ/५.६-६.३ जून २०२३ मध्ये जाहीर झाली. झूम आतल्या आत होतो, लांबी वाढत नाही, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मनगटाच्या एका वळणात जाते. ॲडाप्टर निघून जातो, फोकस चपळ होतो. नव्या बॉडीसाठी साठवायचे पैसे त्या लेन्ससाठी साठवा. भविष्यात येईल म्हणून सांगितलेल्या कुठल्याही फर्मवेअरसाठी मात्र आज पैसे मोजू नका. आज मेनूत आहे तेवढंच विकत घ्यायचं.

नांदूरच्या आधी एक काम करा, आणि ते अपडेट टाकण्याच्या आधीपासून सुरू करा. गंगापूर धरणाच्या काठावर सकाळी जाऊन कवड्या खंड्या शोधा. जुन्याच फर्मवेअरवर, ‘प्राणी’ ठेवून, १/२५०० सेकंद, ५०० मिमी, पूर्ण उघडं छिद्र, शंभर फ्रेम. मग अपडेट, सेटिंग ताडून बघणं, आणि पुढच्या स्वच्छ सकाळी त्याच जागी, त्याच वेळी, ‘पक्षी’ ठेवून आणखी शंभर. घरी दोन्ही संच मोठ्या पडद्यावर शंभर टक्के करून डोळा किती फ्रेममध्ये धारदार आहे ते मोजा. थांबलेल्या खंड्याच्या फ्रेम सुधारल्या आणि सूर मारतानाच्या तशाच राहिल्या, तर १८०-६०० एका दिवसासाठी भाड्याने घ्या आणि त्याच काठावर तिसरा संच काढा.